कॅपो लावलेली गिटार कागदावर उतरवताना

गिटारच्या मानेवर एखाद्या फ्रेटच्या अगदी मागे बसवून सहाही तारा एकदम दाबून धरणारी जी लहानशी पकड असते तिला कॅपो म्हणतात. ‘कापोतास्तो’ या इटालियन नावाचे हे आखूड रूप होय. सतारीला जसे पडदे तसे गिटारला फ्रेट असतात, आणि लागोपाठच्या दोन फ्रेटमध्ये एका अर्धस्वराचे, म्हणजे पेटीवरील एका स्वरापासून अगदी लगतच्या काळ्या किंवा पांढऱ्या स्वरापर्यंतचे, अंतर असते. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की सहाही मोकळ्या तारा तीन अर्धस्वर वर चढतात. शास्त्रीय गिटारमध्ये नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांवर टेकतात त्या आडव्या तुकड्यापासून, ब्रिजपर्यंत तारेची कंप पावणारी लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. तिसऱ्या फ्रेटवरील कॅपोमुळे ती सुमारे ५४७ मिलिमीटर उरते आणि सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ ऐवजी ९८ कंपने करू लागते, म्हणजे ‘ई’ सोडून ‘जी’ बोलू लागते. वादकाच्या डाव्या हाताला मात्र यातले काहीच बदलल्यासारखे वाटत नाही, कारण कॅपो हाच आता त्याचा नट झालेला असतो आणि बोटांचे सगळे आकार त्याच्या पुढे जसेच्या तसे सरकलेले असतात.

एवढ्याशा पकडीने वादकाला दोन गोष्टी मिळतात. पहिली सोय गायकाच्या पट्टीची. जी, सी, डी, ए, ई यांसारखे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे ठरावीक स्वरसमूह, मानेच्या टोकाशी तीन-चार बोटांत बसतात, कारण त्यांत काही तारा मोकळ्याच वाजतात. गाणे ई फ्लॅट किंवा बी फ्लॅटमध्ये (फ्लॅट म्हणजे त्या नावाच्या स्वरापेक्षा एक अर्धस्वर खाली, शार्प म्हणजे एक अर्धस्वर वर) आले की मात्र तर्जनी सर्व तारांवर आडवी टाकून धरावे लागणारे बार कॉर्ड एकामागून एक येतात आणि हात भरून येतो; कॅपो लावला की तेच सोपे आकार त्या पट्टीतही चालतात. दुसरी गोष्ट नादाची, आणि ती अधिक मोलाची आहे: मोकळी तार दाबलेल्या तारेपेक्षा जास्त घुमते, जास्त वेळ टिकते आणि ती वाजत असताना बोटांना दुसरीकडे जायला मोकळीक देते, त्यामुळे सी कॉर्डच्या आकारात जे अलंकार सहज निघतात ते ई फ्लॅटच्या बार कॉर्डमध्ये तसे निघत नाहीत. कॅपो म्हणजे नवशिक्याची कुबडी, ही समजूत म्हणूनच साफ चुकीची आहे. स्पेनमधील फ्लामेंकोचे कसलेले गिटारवादक गायकाच्या गळ्याप्रमाणे कॅपो, त्यांच्या भाषेत ‘थेखिया’, लावूनच साथीला बसतात, आणि अमेरिकेत तर कनेक्टिकट राज्यातील गिटारनिर्माते जेम्स अ‍ॅशबॉर्न यांनी १८५० सालीच गिटारच्या कॅपोचे पेटंट घेतले होते.

वाजवताना यात कसलाच गोंधळ नाही. गोंधळ सुरू होतो तो लिहिताना. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून वादक सी कॉर्डचा आकार धरतो, त्याच्या सवयीत आणि बोटांत तो सीच असतो, पण ऐकणाऱ्याच्या कानी ई फ्लॅट पडतो. मग पाच रेघांच्या स्टाफवर लिहायचे ते काय, बोटांनी केले ते की कानांनी ऐकले ते? हा प्रश्न पूर्वी संगीत छापणाऱ्या प्रकाशकांपुरता होता. स्वरलिपी लिहिण्याची सॉफ्टवेअर सर्वांच्या हाती आल्यापासून तो प्रत्येक गिटार शिक्षकाचा, वाद्यवृंदाच्या प्रत्येक संयोजकाचा झाला आहे, आणि त्याला एक नवी धारही आली आहे, कारण सॉफ्टवेअर लिहिलेले लगेच वाजवूनही दाखवते, आणि कॅपो लावला आहे ही खबर त्याला नसेल तर ते बिनदिक्कत चुकीच्या पट्टीत वाजवते.

लिहिलेला स्वर एक आणि वाजणारा स्वर दुसरा, ही गोष्ट पाश्चात्त्य संगीतलेखनात नवी नाही. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या वादकापुढे सी लिहिलेला असतो आणि वाद्यातून त्याच्या दोन अर्धस्वर खालचा बी फ्लॅट निघतो. अशा वाद्यांना ट्रान्सपोजिंग वाद्ये म्हणतात आणि त्यांच्या लेखनाचा हेतू हाच असतो की लेखी स्वर पाहताच बोटे आपोआप योग्य जागी पडावीत. गिटार स्वतःही, कॅपो नसतानासुद्धा, याच कुळातली आहे. तिचे संगीत ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे उंच स्वरांसाठीच्या खुणेखाली लिहिले जाते, पण ते प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजते. काळजीपूर्वक छापलेल्या पुस्तकांत त्या क्लेफखाली आठाचा लहानसा आकडा दिसतो तो हेच सांगण्यासाठी. कॅपो हा या जुन्याच व्यवस्थेवर चढवलेला आणखी एक थर आहे. फरक इतकाच की क्लॅरिनेटचे अंतर वाद्य घडवतानाच कायमचे ठरलेले असते, तर कॅपोचे अंतर गाण्यागणिक, कधी एकाच कार्यक्रमात चार वेळा, बदलते.

दोन्ही पद्धतींनी लिहिले तर नेमके काय दिसते हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होते. बीटल्सच्या १९६९ सालच्या ‘अ‍ॅबी रोड’ या अल्बममधील ‘हिअर कम्स द सन’ या गाण्यात जॉर्ज हॅरिसन यांची गिटार सातव्या फ्रेटवर कॅपो लावून डी कॉर्डच्या आकारांत वाजते, आणि गाणे ऐकू येते ते ए मेजरमध्ये. डीचा साधा आकार असा: चौथी तार मोकळी, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तिसऱ्या फ्रेटवर आणि पहिली पुन्हा दुसऱ्या फ्रेटवर. बोटांप्रमाणे लिहायचे ठरवले तर स्टाफवर दोन शार्पची खूण येते आणि डी, ए, डी, एफ शार्प असे चार स्वर रेघांच्या हद्दीत छान मावतात. सर्वांत वरचा एफ शार्प बरोबर पाचव्या रेघेवर बसतो. कानांप्रमाणे लिहायचे ठरवले, गिटारचे सप्तकाचे अंतर तसेच ठेवले, तर तीन शार्पची खूण येते आणि ए, ई, ए, सी शार्प असा तोच कॉर्ड रेघांच्या वर चढत जाऊन सी शार्पला दोन जादा आखूड रेघा माराव्या लागतात. हे दुसरे लेखन बासवादकाला किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याला तत्काळ समजते, परंतु गिटारवादकाला त्यातून आपली बोटे कुठे पडायची हे सहजासहजी उमगत नाही, कारण तिथे डीचा ओळखीचा आकार पार लपलेला असतो. कॅपोशिवाय वाजवला जाणारा मोकळा ए कॉर्ड हा तर वेगळाच प्राणी आहे. त्याचा तळ एक सप्तक खाली असतो आणि त्यात तो झगमगीत वरचा नाद नसतो. तेव्हा ‘ए मेजर’ एवढेच सांगणे म्हणजे त्या गाण्यातल्या गिटारबद्दल जवळजवळ काहीच न सांगणे होय.

हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही अडचण थोडी परकी वाटेल, आणि तसे वाटण्यामागे चांगले कारण आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी घडवलेल्या स्वरलिपींच्या खुणा एकमेकींपासून वेगळ्या असल्या तरी दोन्हींचा पाया एकच आहे: सर्व स्वर ‘सा’च्या नात्याने लिहायचे, आणि तो ‘सा’ कुठे धरायचा हे लिपीच्या बाहेर, तोंडी ठरवायचे. ‘काळी एक’, ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ असे दोन शब्द साथीदाराला सांगितले की काम भागते. बंदिशीचा कागद बदलावा लागत नाही. पेटीवादकांची स्केलचेंजर पेटी तर कॅपोची सख्खी बहीणच म्हणावी लागेल, कारण तिच्यात स्वरपट्ट्यांचा संपूर्ण संच बाजूला सरकवून बोटे त्याच जागी ठेवायची आणि खालचे सूर मात्र दुसरे वाजवायचे, अशी सोय असते. फ्लामेंकोच्या वादकांनीही हीच रीत स्वतंत्रपणे रूढ केली आहे. ई कॉर्डच्या आकाराभोवती वाजवायचे असेल तर ते ‘पोर आरीबा’ म्हणतात, एच्या आकाराभोवती असेल तर ‘पोर मेदियो’, आणि पुढे कॅपो कितव्या फ्रेटवर एवढा आकडा जोडतात. आकार आणि पट्टी या दोन गोष्टी त्यांनी बोलतानाच वेगळ्या ठेवल्या आहेत. स्टाफची अडचण तिथेच सुरू होते, कारण स्टाफवरील प्रत्येक रेघ एका निश्चित उंचीचे वचन देते. सरगममध्ये लिहिलेला ‘ग’ कोणत्याही पट्टीत खरा असतो. स्टाफवर लिहिलेला सी हा सीच वाजावा अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते, आणि ती पाळायची नसेल तर तसे स्पष्ट कळवावे लागते.

मग निवड कशी करावी? एकट्या गिटारसाठी लिहायचे असेल तर बोटांप्रमाणे लिहावे आणि पानाच्या डोक्यावर ‘कॅपो तिसऱ्या फ्रेटवर’ असे ठळक नोंदवावे, यात फारसा मतभेद होण्याचे कारण नाही. जॉन डाउलंडसारख्या (१५६३–१६२६) इंग्रज ल्यूटवादकाच्या (ल्यूट हे गिटारसारखेच एक जुने तंतुवाद्य) रचना गिटारसाठी छापताना हेच केले जाते: गिटारची तिसरी तार जीवरून एफ शार्पवर उतरवायची, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावायचा, की सहाही तारा त्या काळच्या जी पट्टीतल्या ल्यूटच्या सहा तारांशी तंतोतंत जुळतात. लेखी स्वर मात्र कॅपो नसल्यासारखे असतात, त्यामुळे ज्याला मूळ उंची हवी त्याने कॅपो लावावा आणि ज्याला नको त्याने न लावता तेच पान वाजवावे, अशी दुहेरी सोय आपसूक होते.

खरी कसोटी लागते ती इतर वाद्ये सोबत असताना. गोव्यातील चर्चचा गायनवृंद घ्यावा, शाळेचे स्नेहसंमेलन घ्यावे किंवा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ घ्यावा. गिटारवादकापुढील पानावर जी लिहिले आहे, कीबोर्डवाल्यापुढील पानावर बी फ्लॅट, आणि संयोजक सांगतो की ‘दुसऱ्या कडव्यात जी जरा हलका घ्या’, तेव्हा दोघेही वेगवेगळ्या जागी पाहू लागतात. हिंदी चित्रपटसंगीताला स्टाफवर लिहिण्या-वाचण्याची शिस्त लावण्यात गोव्याच्या वादकांचा आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांचा वाटा फार मोठा होता, आणि त्या शिस्तीचा गाभाच हा की स्टुडिओत बसलेल्या प्रत्येकाला त्याच्या वाद्याला सोयीचे पान मिळावे, पण संयोजकाच्या हातातील संपूर्ण संहितेवरून कोणाचा कोणता स्वर प्रत्यक्षात ऐकू येणार हे निःसंदिग्ध कळावे. कॅपोलाही तोच न्याय लावला पाहिजे: वादकाच्या पानावर बोटांचे सत्य, संयोजकाच्या पानावर कानांचे. छापील गीतपुस्तकांनी यावर पूर्वीपासून एक तोडगा काढलेला आहे. गायन आणि पियानो यांच्या ओळी ई फ्लॅटमध्ये, त्यांच्यावर कॉर्डांची नावे ई फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट अशी, आणि प्रत्येकाच्या शेजारी कंसात किंवा वरच्या ओळीत गिटारसाठी सी, एफ, जी. पान थोडे गजबजते खरे, पण एकाच कागदावर दोघांचेही भागते.

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पाहिले तर कॅपोची नोंद चार वेगवेगळ्या खोलींवर करता येते, आणि बहुतेक चुका या खोलींतला फरक लक्षात न आल्यामुळे होतात. सर्वांत वरवरची नोंद म्हणजे पानावर नुसते शब्द टाइप करणे. माणसाला ते पुरते, यंत्राला मात्र ते मुके असते. ‘कॅपो ३’ हे शब्द त्याच्या लेखी ‘सावकाश’ किंवा ‘प्रेमाने’ या शब्दांहून वेगळे नसतात, म्हणून वाजवून दाखवताना गिटार सीमध्ये आणि गायकाची ओळ ई फ्लॅटमध्ये अशी कर्णकटू टक्कर होते. त्याखालची पायरी कॉर्डांच्या नावांपुरती आहे. म्युझस्कोर या मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कॉर्डांच्या शैलीच्या सेटिंगमध्ये कॅपोच्या फ्रेटचा आकडा भरला की मूळ नावांच्या शेजारी कंसात बदललेली नावे आपोआप छापली जातात. गीतपुस्तकाची जुनी रीत इथे एका आकड्यात साधते, पण स्टाफवरील स्वरांना त्याचा स्पर्श होत नाही. स्टाइनबर्ग कंपनीच्या २०१६ साली आलेल्या डोरिकोमध्ये कॅपो हा विशिष्ट वादकाच्या वाद्याशी जोडता येतो, आणि कोणाला मूळ कॉर्ड, कोणाला कॅपोचे कॉर्ड, कोणाला दोन्ही दाखवायचे हे ठरवता येते. वर सांगितलेला स्टुडिओचा न्याय या रचनेत जवळजवळ शब्दशः उतरलेला दिसतो. लिलीपाँडमध्ये संगीत चक्क मजकूर म्हणून टाइप केले जाते, तिथे कॉर्डांची ओळ एकदाच लिहून ट्रान्सपोज करण्याच्या आज्ञेने तीच दुसऱ्या पट्टीत पुन्हा छापून घेता येते, त्यामुळे एक ओळ दुरुस्त केली की दुसरी आपोआप दुरुस्त होते. ज्यांना स्टाफ नकोच आहे, केवळ गाण्याचे शब्द आणि त्यांत चौकटी कंसांतले कॉर्ड हवे आहेत, अशांसाठी असलेल्या कॉर्डप्रो या साध्या मजकूरपद्धतीतही कॅपोसाठी स्वतंत्र सूचना आहे.

तिसरी खोली ही ट्रान्सपोजिंग वाद्याची. सॉफ्टवेअरला सांगायचे की ही गिटार लिहिल्यापेक्षा अमुक इतक्या अर्धस्वरांच्या अंतराने वाजते, आणि मग ‘लेखी स्वर’ व ‘प्रत्यक्ष स्वर’ अशा दोन दृश्यांची जी अदलाबदल क्लॅरिनेटसाठी उपलब्ध असते तीच गिटारलाही लागू होते. इथे एक सुंदर योगायोग आढळतो. गिटार मुळातच बारा अर्धस्वर खाली वाजते. तिसऱ्या फ्रेटच्या कॅपोने ती तीन अर्धस्वर वर येते. म्हणजे लिहिलेल्या स्वरापेक्षा नऊ अर्धस्वर खाली, आणि लिहिलेल्या सीच्या जागी ई फ्लॅट. हे अंतर नेमके आल्टो सॅक्सोफोनचे आहे. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावलेल्या गिटारचे बोटांप्रमाणे लिहिलेले पान आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या हाती दिले तर दोघे एकाच उंचीवर, एकाच सुरात वाजवतील. ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कॅपोची कोणतीच सोय नाही तिथे हे ज्ञान उपयोगी पडते: आवाज गिटारचा ठेवून वाद्याचे अंतर तेवढे नऊ अर्धस्वरांचे भरले की काम होते.

परंतु अर्धस्वर मोजून सगळे ठरत नाही, कारण स्टाफवर एकाच उंचीच्या स्वराला दोन नावे असू शकतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचा आकार, म्हणजे एक अर्धस्वर वर. पण वर म्हणजे जी शार्प की ए फ्लॅट? कानाला दोन्ही एकच. कागदावर मात्र ए फ्लॅट मेजरला चार फ्लॅट लागतात, तर जी शार्प मेजरला आठ शार्प, म्हणजे सात स्वरांपैकी एकाला दुहेरी शार्प द्यावा लागतो, आणि असे पान पाहून कोणताही पियानोवादक ते परतच करील. यंत्राला केवळ ‘एक अर्धस्वर’ माहीत असेल तर ते यांतील कोणतेही नाव उचलू शकते. म्हणून जाणकार दोन आकडे देतात, अर्धस्वर किती आणि रेघा-जागांच्या पायऱ्या किती. ‘एक अर्धस्वर, एक पायरी’ म्हटले की जीचा ए फ्लॅट होतो, ‘एक अर्धस्वर, शून्य पायरी’ म्हटले की जी शार्प. चौथ्या फ्रेटवर डीचा आकार घेतला तर पेच आणखी नाजूक होतो, कारण एफ शार्पला सहा शार्प आणि जी फ्लॅटला सहा फ्लॅट, दोन्ही पारडी सारखीच. तिथे सोबत व्हायोलिने असतील तर शार्प, पितळी वाद्ये असतील तर फ्लॅट, हा निर्णय माणसानेच करायचा असतो.

चौथी आणि सर्वांत खरी खोली तारांच्या जुळवणीची आहे. कॅपो हा मुळात स्वरांवर नव्हे, तारांवर बसतो, आणि त्याची नोंदही तारांच्या खात्यात व्हावी हे तर्कसंगत आहे. फ्रान्समधील अरोबास म्युझिकच्या गिटार प्रो या सॉफ्टवेअरमध्ये ती तशीच होते: ट्रॅकच्या जुळवणीत कॅपोचा फ्रेट भरला की टॅबमधील शून्याचा अर्थ ‘कॅपोपाशी मोकळी’ असा होतो आणि आवाज आपोआप वर चढतो. टॅब म्हणजे सहा तारांच्या सहा रेघा काढून प्रत्येकीवर कोणता फ्रेट दाबायचा तो आकडा लिहिण्याची पद्धत. म्युझस्कोरमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.२ या आवृत्तीत तारांची जुळवणी बदलण्याची सोय आणि कॅपोची स्वतंत्र खूण दोन्ही आल्या. ही खूण जिथे टाकावी तिथून पुढे वाजवण्यातला स्वर चढतो. नुसत्या शब्दांच्या मुकेपणावरचा हा खरा इलाज आहे, आणि गिटारसाठी लिहिणाऱ्यांनी तो इतकी वर्षे मागितला होता यात नवल नाही. जुळवणीच्या पातळीवर कॅपो नोंदवला की आणखी एक लाभ होतो. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो असताना जाड तारेच्या मोकळ्या जीखालचा एकही स्वर त्या गिटारवर निघू शकत नाही, आणि जुळवणी माहीत असलेले सॉफ्टवेअर असा अशक्य स्वर टॅबमध्ये मांडूच शकत नसल्यामुळे चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

टॅबमध्ये आकडे कुठून मोजायचे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ, पण सर्वाधिक घोळ घालणारा आहे. रूढ संकेत कॅपोपासून मोजण्याचा आहे, म्हणून हॅरिसन यांच्या त्या डी आकाराचे आकडे शून्य, दोन, तीन, दोन असेच राहतात, सात, नऊ, दहा, नऊ असे होत नाहीत. गिटारच्या मानेच्या कडेला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटपाशी खुणेचे ठिपके असतात, ते मात्र नटपासून मोजलेले असतात, आणि कॅपो लावल्यावर आकडे व ठिपके यांची फारकत होते. वरच्या फ्रेटवर झेप घेताना वादकाची नजर त्या ठिपक्यांवर असते, त्यामुळे तिथेच चूक होते. शास्त्रीय गिटारमध्ये हाताची जागा रोमन आकड्यांनी दाखवतात, तो आकडाही कॅपोपासून की नटपासून, हे न सांगितल्यास निम्मे वाचक एक अर्थ घेतात आणि निम्मे दुसरा. कॅपो असलेल्या प्रत्येक पानावर ‘सर्व आकडे कॅपोपासून’ ही एक ओळ असलीच पाहिजे. तिला जागा लागते बोटभर, आणि ती गाळण्याला कोणतेही समर्थन नाही.

अर्धवट कॅपोच्या बाबतीत तर हा संकेतही अपुरा पडतो. सगळ्या तारा न दाबता काहीच तारा दाबणारे कॅपो असतात. त्यांतला एक लोकप्रिय प्रकार दुसऱ्या फ्रेटवर पाचवी, चौथी आणि तिसरी तार तेवढी दाबतो, आणि मोकळ्या तारा जाड तारेपासून पाहता ई, बी, ई, ए, बी, ई अशा होतात. आयरिश आणि स्कॉटिश लोकसंगीताच्या गिटारवादकांची आवडती डी-ए-डी-जी-ए-डी ही जुळवणी एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन अर्धस्वर, वर उचलली तर हेच सूर येतात, आणि तेही एकही खुंटी न पिळता. पण इथे ‘संपूर्ण वाद्य अमुक अंतराने चढले’ हे विधान खोटे ठरते, कारण तीन तारा चढल्या आहेत आणि तीन जागच्या जागी आहेत. इतकेच नव्हे, चौथ्या फ्रेटवर बोट ठेवले तर कॅपो असो वा नसो, सहाही तारा पूर्वीचेच स्वर देतात. आता तर्जनी चौथ्या फ्रेटवर सरळ आडवी टाकली आणि प्रत्येक तारेचे आकडे तिच्या तिच्या मोकळ्या जागेपासून मोजले, तर टॅबमध्ये जाड तारेकडून चार, दोन, दोन, दोन, चार, चार असे उमटतात, आणि सरळ रेषेत ठेवलेले एक बोट कागदावर वाकडेतिकडे दिसू लागते. म्हणून अर्धवट कॅपोसाठी आकडे नटपासूनच मोजावेत, आणि दाबलेल्या तीन तारा मोकळ्या वाजवायच्या असतील तिथे ‘दोन’ लिहावे की ‘शून्य’ हे आरंभीच जाहीर करावे. इथे ट्रान्सपोजिंग वाद्याची युक्ती पूर्णपणे निरुपयोगी आहे. प्रत्येक तारेची जुळवणी वेगळी नोंदवणारे सॉफ्टवेअरच कामाचे.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात संगीत नेण्यासाठी जी सामाईक फाइल-पद्धत वापरली जाते ती म्युझिकएक्सएमएल. मायकेल गुड यांनी घडवलेल्या या पद्धतीची पहिली आवृत्ती २००४ साली आली. तिच्यात कॅपोसाठी स्वतंत्र जागा आहे, आणि ती कुठे आहे हे पाहण्यासारखे आहे: कॉर्डांच्या नावांपाशी नाही, ट्रान्सपोज करण्याच्या अंतरापाशी नाही, तर स्टाफच्या तपशिलात, तारांच्या जुळवणीच्या शेजारी. कॅपोने मोकळ्या तारांची जुळवणी इतक्या अर्धस्वरांनी बदलते, असाच त्या नोंदीचा अर्थ ठरवलेला आहे. सगळ्या तारांना मिळून एकच आकडा असल्यामुळे अर्धवट कॅपो त्या नोंदीत बसत नाही, तो प्रत्येक तारेच्या स्वतंत्र जुळवणीतून सांगावा लागतो. आणि अर्धस्वरांचाच आकडा असल्यामुळे ए फ्लॅट की जी शार्प हा निर्णयही तिथे साठत नाही, तो ट्रान्सपोजच्या नोंदीत वेगळा द्यावा लागतो.

हा तपशील आज अनेकांच्या दैनंदिन कामाचा झाला आहे, कारण १९८८ पासून चालत आलेल्या फिनाले या मातब्बर सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचे मेकम्युझिक कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केले, आणि जगभरच्या शिक्षकांना, अरेंजरांना, चर्चच्या वृंदांना आपली वर्षानुवर्षांची पाने दुसरीकडे हलवावी लागत आहेत. या स्थलांतरात पानावर टाइप केलेले ‘कॅपो ३’ हे शब्द फार तर शब्द म्हणूनच पोचतात, आणि कंसात हाताने भरलेली कॉर्डांची दुसरी ओळ मजकूर म्हणून. नव्या ठिकाणी पट्टी बदलली की मूळ कॉर्ड बदलतात आणि हाताने लिहिलेले तसेच मागे राहतात. म्हणून गिटारची पाने हलवणाऱ्याने प्रत्येक फाइल उघडल्यावर आधी ‘कॅपो’ हा शब्द शोधावा, तो सापडेल तिथे त्याचा आकडा तारांच्या जुळवणीत किंवा कॅपोच्या खुणेत नव्याने भरावा, कंसातले जुने कॉर्ड पुसून सॉफ्टवेअरकडून पुन्हा काढून घ्यावेत, आणि मग गायकाच्या ओळीसह पहिल्या चार मात्रा वाजवून दोन्ही एका पट्टीत आहेत याची खात्री करूनच पुढच्या फाइलकडे जावे.